टॅट्रो टेकडीचा रस्ता

व्हर्ना पेलकीकडून रस्ता काढून घ्यायचा तर आधी तिची उलटतपासणी सोसावी लागे.

"गाडी कुठली?"

"ती काय, बाहेर उभी आहे. निळी."

"रंग नाही विचारला. चिखलात रुतली तर निघेल का?"

न्यू जर्सीहून आलेला तो गृहस्थ बायकोकडं बघायला लागला. बायको म्हणाली, "निघेल बहुतेक."

"बहुतेक म्हणजे नाही. मुक्काम कुठं? वळणावळणाच्या रस्त्यावर कुणाला मळमळतं? जेवल्यावर झोप येते का तुम्हाला? येते, दिसतंयच. मग दुपारनंतर गाडी बाईंनी चालवायची."

एवढं झाल्यावर मग ती दुकानाची एक खाकी पिशवी फाडून सरळ करी, सुतारी पेन्सिलीला जीभ लावी आणि नकाशा काढायला घेई. सकाळी तळ्याकडं जायचं, कारण तेव्हा ऊन पानांच्या पलीकडून येतं. ऊन मागून आलं की लाल पान पेटतं, आपल्या पाठीवर असलं की ते नुसतं पान. दुपारी कब्रस्तानावरून खाली, तिथं बीचची झाडं तांब्यासारखी झालीत. चारच्या आत पुलावर पोचायचं, नाहीतर डोंगराची सावली पडते. एका पिशवीवर एकच दिवस. कुणी दोन दिवसांचा मागितला तर ती म्हणे, "उद्याचं उद्या या. पानं मला विचारून गळत नाहीत."

आमच्या ईस्ट ब्रॅनरमध्ये हा हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा. सप्टेंबर संपता संपता पाणथळीतले मेपल लाल होतात, मग टेकड्यांवरचे थोराड मेपल नारिंगी होतात, आणि ऑक्टोबरच्या मध्याला एक वाऱ्याचा दिवस येतो की सगळा कारभार जमिनीवर. एवढ्या वेळात दक्षिणेच्या सपाट मुलखातून माणसं गाड्या भरभरून पानं बघायला येतात. आम्ही त्यांना 'सपाटीवरचे' म्हणतो, अर्थात त्यांच्या माघारी. त्या वर्षी रस्ता दाखवणारी यंत्रं गाड्यांत नुकती यायला लागली होती, पण आमच्या डोंगरात ती भांबावून जात आणि माणसं शेवटी दुकानाच्या ओसरीवर, व्हर्नाच्या टेबलापाशीच येत.

व्हर्नानं चौतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. कुठल्या वळणावर पहिलं हिव पडतं, कुठल्या ओढ्याकाठचं झाड आठवडाभर आधी रंगतं, हे तिला तोंडपाठ. तसाच संशयही. तो मुळात तिचा स्वभाव, आणि बसच्या आरशात बघून बघून पक्का झालेला. साठ पोरांपैकी कुणाच्या खिशात बेडूक आहे ते तिला मान न वळवता कळे. निवृत्त झाली तरी आरसा काही डोळ्यांसमोरून हलला नव्हता. कुणी हसून 'सुप्रभात' म्हटलं तरी याला आज काय हवंय, हा प्रश्न तिला आधी पडे.

तिच्या नकाशांत गावचे सगळे रस्ते असत, एक सोडून.

टॅट्रो टेकडीचा रस्ता म्हणजे दोन मैलांची कच्ची वाट. दोन्ही बाजूंनी रचीव दगडांचे बांध आणि बांधांना लागून व्हर्नाच्या पणजोबांनी लावलेले मेपल. माहेरची ती टॅट्रो. खोटं कशाला बोला, आसपासच्या चार तालुक्यांत असा रंग दुसरीकडं नाही. छापील नकाशात ही वाट तुटक रेघेनं दाखवलेली असते, म्हणजे शहाण्यानं जाऊ नये अशी. वाटेच्या शेवटी टॅट्रोंचं घर, आणि घरात तिचा धाकटा भाऊ लायल, एकटा.

एकतीस वर्षांपूर्वी मार्च महिन्यात टॅट्रोंचं गुऱ्हाळ जळालं. आमच्याकडं गुऱ्हाळ मेपलच्या रसाचं. चाळीस घागरी आटवाव्या तेव्हा एक घागर पाक उतरतो आणि काहिलीपाशी रात्ररात्र जागावं लागतं. लायल एकोणतीस वर्षांचा होता. काहील कलंडली, आग भडकली, आणि त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू, कान, मान सगळं गेलं. तो वाचला हेच खूप, असं डॉक्टर म्हणाले. त्याच वर्षीच्या पानगळीत सपाटीवरची एक गाडी टेकडीवर चढली. त्यातल्या बाईनं लायलसमोर कॅमेरा धरला, आणि तेवढ्यात व्हर्ना तिथं पोचली. ती अशी काही कडाडली की गाडी उलट्या चाली खाली आली. त्यानंतरच्या हिवाळ्यात लायल चार महिने घराबाहेर पडला नाही. गाई विकल्या. बहिणीशी हो-नाहीपलीकडं बोलला नाही. एका सकाळी व्हर्ना गेली तर चूल गार, आणि हा भिंतीकडं तोंड करून पडलेला, तीन दिवसांचा उपाशी. तिनं त्याला चमच्यानं सूप भरवलं, आणि त्या दिवशीच ठरवलं की या टेकडीवर पुन्हा परक्या माणसाची सावली पडू द्यायची नाही.

तिनं रस्त्याच्या नावाची पाटी उपटून आपल्या कोठारात ठेवली. गावाला काही सांगावं लागलं नाही. कुणी परक्यानं टॅट्रो टेकडीचं नाव काढलंच तर दुकानदारापासून पाद्र्यापर्यंत सगळे एकच सांगत, "इथून तिकडं जाता येत नाही." लायल जानेवारीत गावात येई, मेमध्ये येई, पण रंगांच्या दिवसांत कधीच नाही. त्या दिवसांत दर गुरुवारी व्हर्ना त्याचं सामान पोचवून येई. हे सगळं लायलला विचारून केलं का, असं कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही नाही.

आणि त्या वर्षी, ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी, सामान घेऊन निघालेल्या व्हर्नाला टेकडीच्या तोंडाशी चिखलात टायरांचे ताजे ठसे दिसले. लायलच्या ट्रकचे नव्हेत, ते तिला पाठ होते. हे अरुंद होते, आणि तीन तऱ्हांचे.

तिच्या मनात पाल चुकचुकली. अर्ध्या मैलावर तीन गाड्या उभ्या होत्या, एक कनेटिकटची, दोन मॅसॅच्युसेट्सच्या. माणसं बांधावर चढून माना वर करून उभी. व्हर्नानं बसवालीचा तो जुना आवाज काढला.

"खाजगी रस्ता आहे! चला, वळवा गाड्या!"

"पण बाई, नकाशात तर सरकारी..."

"नकाशा मी काढते. वळवा!"

ती माणसं मुकाट्यानं गेली. वर लायल अंगणात लाकडं फोडत होता. तिनं त्याला काही विचारलं नाही, उगाच त्याच्या डोक्यात कशाला भरवा.  तो पिशवीतून कॉफीचा डबा काढताना म्हणाला, "मोठा डबा आणायचा होतास."

"एकट्या माणसाला मोठा डबा कशाला?"

लायलनं खांदे उडवले. एरवी या एका वाक्यावर व्हर्नानं तासभर विचार केला असता. पण त्या दिवशी तिचं सगळं डोकं खाली, गावात होतं. कुणीतरी फुटलं होतं.

पहिला संशय क्लेटनवर. क्लेटन म्हणजे दुकानदार, वय पंचेचाळीस, पण तिच्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसलेला, त्यामुळं अजून 'मिसेस पेलकी' म्हणणारा. शुक्रवारी सकाळी तो सफरचंदाच्या रसातले डोनट तळत होता. व्हर्ना सरळ गल्ल्यामागं गेली.

"क्लेटन, माझ्याकडं बघ."

"मिसेस पेलकी, तेल तापलंय."

"तापू दे. टेकडीबद्दल कुणाशी बोललास?"

"मी? माझ्या बापानं मरताना दोन गोष्टी सांगितल्या. उधारीवर बिअर द्यायची नाही आणि टॅट्रो टेकडीचं नाव काढायचं नाही."

"आणि उधारीवर बिअर देतोस ते?"

क्लेटनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते वेगळं. देवाशपथ सांगतो, माझ्या तोंडून एक शब्द गेला नाही. तुम्ही त्या खानावळवालीला विचारा ना. तिच्याकडचीच माणसं चिखलाचे बूट घेऊन येतायत चार दिवस. परवा एकानं माझ्याकडं बूट पुसायला जुनं फडकं मागितलं. मी म्हटलं, कुठं गेला होतात एवढ्या चिखलात? तर नुसता हसला."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"तुम्ही आत्ता विचारलंत."

खानावळवाली म्हणजे सिबिल ॲशबी. कनेटिकटहून आली, जुनं दूध संकलन केंद्र विकत घेऊन तिथं सहा खोल्यांची पाहुण्यांची सोय केली. येऊन आठ वर्षं झाली होती, म्हणजे आमच्या हिशेबानं काल. आमच्याकडं म्हणच आहे, मांजर भट्टीत व्यालं म्हणून पिल्लांना कुणी पाव म्हणत नाही. सिबिल गोड बोलायची, सगळ्यांना घरी बोलवायची, गावसभेत पुढच्या बाकावर बसायची. एवढं गोड वागणारं माणूस व्हर्नाला आठ वर्षांत एकदाही पटलं नव्हतं. आता तिला कळलं का ते. कुठंतरी पाणी मुरत होतं, ते इथंच.

पण पुराव्याशिवाय ती बोलायची नाही. बसमध्येही बेडूक हातात आल्याखेरीज तिनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. शनिवारी भल्या सकाळी तिनं आपली गाडी चर्चच्या मागं लावली आणि तिथून सिबिलच्या दारावर नजर ठेवून बसली. आठ वाजता पाहुणे न्याहारी करून बाहेर पडले. चार गाड्या. दोन तळ्याकडं वळल्या, त्या तिच्याच नकाशाप्रमाणं. बाकीच्या दोन नाकासमोर टेकडीकडं.  तिच्या डोळ्यांसमोर भिंतीकडं तोंड केलेला लायल आला. तेव्हा तो तिशीचा होता. आता साठीचा. या वेळी चार महिने काढेल का तो? तिला रडायला आलं आणि रडायला आलं म्हणून आणखी राग आला.

ती सिबिलच्या स्वयंपाकघरातच घुसली.

"अगबाई, व्हर्ना! बसा ना. आठ वर्षांत पहिल्यांदा आलात तुम्ही. चीज घातलेला ॲपल-पाय आहे, अजून गरम..."

"तो ॲपल-पाय राहू दे. टॅट्रो टेकडी तुम्हाला कुणी दाखवली?"

"काय टेकडी?"

"वेड पांघरू नका. तुमचे पाहुणे आत्ता माझ्या डोळ्यांदेखत तिकडं गेले."

सिबिलनं हात पुसले. चेहरा खरोखरचा गोंधळलेला. "हां, ते होय! ते मोकळ्या जागेत जातात. मला नाव माहीत नव्हतं त्याचं. मी तर कधी गेले पण नाही."

"कसली मोकळी जागा?"

"या ना, दाखवते. तुम्हाला आवडेल. खरं तर तुम्हाला कधीपासून बोलवायचं होतं, पण तुम्ही रस्त्यात भेटलात की..." ती थांबली. व्हर्ना रस्त्यात भेटली की काय होतं ते सांगणं तिला जड गेलं.

न्याहारीच्या खोलीची लांब भिंत खाकी कागदानं भरलेली होती. व्हर्नाचे नकाशे. पाहुणे जाताना खोलीत टाकून जात, सिबिल ते इस्त्री करून ठेवी. आठ वर्षांत त्र्याण्णव साठले होते. त्या वसंतात खोलीला रंग दिला तेव्हा तिनं ते भिंतीवर लावले, आणि लावताना जिथला रस्ता तिथं, तळं तळ्यावर, पूल पुलावर असे जुळवत गेली. त्र्याण्णव दिवसांच्या सहली, सगळा मुलूख एका भिंतीवर. व्हर्नाला आपलंच अक्षर ठिकठिकाणी दिसलं. 'इथं हळू, गाई.' 'या बाकावर डबा खा.' 'वर बघा!' क्षणभर तिला बरंसुद्धा वाटलं.

मग तिला मधली जागा दिसली.

सगळे रस्ते तिथवर येत आणि वळून जात. उत्तरेकडून येणारा डावीकडं वळे, पुलाकडून येणारा मागं फिरे. मधोमध थाळीएवढा भाग उघडा राहिला होता, आणि तिथं भिंतीचा पांढरा रंग दिसत होता.

"सगळे आधी इथंच बोट ठेवतात," सिबिल म्हणाली. "कॉफीचा कप घेऊन उभे राहतात आणि विचारतात, इथं काय आहे? मी म्हणते, मला नाही ठाऊक, व्हर्नाबाईंनी कधी काढलं नाही. झालं. मग छापील नकाशा उघडतात, तुटक रेघ शोधतात आणि निघतात. परवा एक आजोबा म्हणाले, जी बाई गाईंसाठीसुद्धा खूण करते, ती एवढी मोठी जागा उगाच सोडणार नाही." तिनं व्हर्नाच्या चेहऱ्याकडं बघितलं. "काही चुकलं का माझं? मला कुणी काही सांगितलं नव्हतं."

ते खरं होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, आणि सपाटीवरच्या बाईला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं व्हर्नाचं. दोन दिवस ती चोर शोधत हिंडत होती आणि चोर त्र्याण्णव वेळा स्वतःच्या हातानं पत्ता लिहून देत होता.

"काढा ते," एवढंच ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. ॲपल-पायचा तुकडाही तिनं घेतला. नको म्हणायचं तिला सुचलं नाही, आणि तो हातात धरूनच ती गाडीत बसली.

टेकडी चढताना तिनं मनात बोलायची तयारी केली. लायल, चूक माझीच झाली. मी उद्याच ओंडका टाकून रस्ता अडवते. तू आत जा, दार लाव, मी बघते सगळ्यांकडं. दुसऱ्या वळणावर एक गाडी दिसली. तिसऱ्यावर दोन. रस्ताभर नारिंगी पानं पडली होती, त्यातून टायरांच्या ओल्या रेघा वर गेल्या होत्या. घरापाशी पोचली तेव्हा तिनं मोजल्या, नऊ. अंगणात माणसंच माणसं. आणि मधोमध लायल.

टोपी नाही, मफलर नाही. उजव्या हातानं तो एका ओंटारियोच्या गाडीला मागं यायची खूण करत होता. "या, या, अजून या... बस!" ओसरीच्या कठड्यावर कॉफीची किटली होती आणि शेजारी कागदी पेल्यांची चवड. एक म्हातारी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून झाडाच्या बुंध्याला हात लावत होती.

ते त्याला बघायला आलेत, हाच व्हर्नाचा पहिला विचार. हा तमाशा आहे आणि याला कळत नाहीये. ती गाडीतून उतरली ती ओरडतच.

"काय चाललंय काय इथं? लाज नाही वाटत..."

"व्हर्ना," लायल शांतपणे म्हणाला, "गाडी जरा बाजूला घे. लोकांना वळायला जागा नाही."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. त्याच्याकडं नव्हे, तिच्याकडं. व्हर्नानं गाडी बाजूला घेतली. उतरायची मात्र तिला भीती वाटली. शेवटी लायलच आला आणि खिडकीवर कोपर टेकून उभा राहिला, डावी बाजू तिच्याकडं करून.

"हा ॲपल-पाय कुणी केला?"

"त्या सिबिलनं. लायल, हे कधीपासून?"

"आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी एक जोडपं आलं, घाबरत घाबरत. मला म्हणाले, आम्ही चुकून आलो का? मी म्हटलं, नाही हो, बसा."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू गुरुवारी तीन गाड्या हाकलून दिल्यास. त्यातल्या एकीतली माणसं माझ्याकडं दुपारी परत यायची होती." तो हसला. त्याचं हसणं एकाच बाजूनं येई. "कॉफीचा मोठा डबा म्हणूनच हवा होता."

"अरे, ही माणसं... तुला त्रास होईल म्हणून मी एकतीस वर्षं..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू आपला रस्ता काढत नाहीस ते. क्लेटनच्या बापानं सांगितलं होतं, पहिल्याच वर्षी. दोन-तीन हंगाम मला वाटलं, काढशील. मग कळलं, तुला माझी लाज वाटते. म्हटलं, ठीक आहे, तिलाही गावात राहायचंय."

व्हर्नाला आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. "लाज? मी तुला जपलं, लायल! त्या बाईनं तुझ्या तोंडासमोर कॅमेरा धरला, विसरलास? त्या हिवाळ्यात तू मरायला टेकला होतास त्या बाईपायी!"

 लायलनं रस्त्याकडेच्या एका मेपलकडं बोट केलं.

"तिथं उभा होतो मी. तिनं विचारलं, हे झाड कुणी लावलं? मी म्हटलं, आमच्या पणजोबांनी. ती म्हणाली, मग तुम्ही त्याच्याखाली उभे राहाल का? दवाखान्यातून येऊन तीन महिने झाले होते. माझ्याकडं कुणी सरळ बघत नव्हतं, तू पण नाही. तू माझ्या खांद्याकडं बघून बोलायचीस. ती बाई सरळ बघत होती. मी उभा राहिलो, केस पण नीट केले, होते तेवढे. तेवढ्यात तू आलीस. काय ओरडलीस ते आठवतं?"

तिला आठवत नव्हतं. आणि मग आठवलं.

"म्हणालीस, 'या तोंडाचा फोटो काढायला तुम्हाला काहीच कसं वाटत नाही!'"

अंगणातून कुणीतरी हाक मारली, "मिस्टर टॅट्रो, हे कुठलं झाड?" लायलनं वळून सांगितलं, "ॲश! त्याचं पान जांभळं होतं, जवळून बघा!" आणि पुन्हा खिडकीवर कोपर टेकला. त्याला घाई नव्हती.

व्हर्नानं आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला होता. क्लेटनवर, सिबिलवर, पाद्र्यावर, पोस्टमनवर, नवऱ्यावर तो जिवंत होता तोवर. एका माणसाची झडती तिनं कधी घेतली नव्हती. आता घेतली, आणि शोधायला फार खोल जावं लागलं नाही. मुलीच्या लग्नात तिनं लायलला फोटोत अगदी टोकाला उभं केलं होतं आणि म्हणाली होती, "उजवीकडून बरा दिसतोस, असा वळ." शाळेतल्या समारंभाला त्याला बोलवायचं ती विसरली होती, तीन वर्षं सलग. थंडीत त्याच्या गळ्याला मफलर तीच बांधे, पण कानापर्यंत बांधे आणि तिला वाटे की हे वाऱ्यासाठी आहे. तिनं लायलच्या खांद्याकडून नजर उचलली आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. आक्रसलेली कातडी, कानाच्या जागचं भोक, डोळ्याची खाली ओढलेली कड. बघायला अवघड होतं. पण ती बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "वाटायची. तुझी लाज वाटायची मला, लायल."

लायलनं मान हलवली. एखाद्यानं हवेचा अंदाज बरोबर सांगितल्यावर हलवावी तशी.

"अगं, मग सांगायचं ना तेव्हाच. मी दोन दिवस रागावलो असतो."

"दोनच दिवस?"

"तीन म्हण. चौथ्या दिवशी मला कुणाशी तरी बोलावंसं वाटलंच असतं, आणि तू होतीसच की."

व्हर्ना रडली. खिडकी उघडी होती, अंगणात नऊ गाड्यांची माणसं होती, तरी रडली. लायलनं तिच्या मांडीवरचा ॲपल-पायचा तुकडा उचलला, अर्धा मोडून तोंडात टाकला आणि खाली नवीन गाडीचा आवाज आला तसा त्या गाडीला वळण दाखवायला निघून गेला.